कपाटाची उजवी बाजू

भाड्याचं घर,
४ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा हट्ट म्हणून पत्र लिहायला बसले आहे. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडलेस आणि आता म्हणतेस, फोनवर माणूस खरं बोलत नाही. घे तर मग, खरं लिहिते. परदेशात घर मिळालं, पण घरी आल्यासारखं वाटत नाही.

दुसरा मजला, दोन खिडक्या. ओटा इतका उंच की भाजी चिरताना मला खोक्यावर उभं राहावं लागतं. भिंतीत खिळा मारायचा नाही अशी अट, त्यामुळे तू दिलेलं कॅलेंडर फ्रिजला टेकून उभं आहे आणि दार उघडलं की लोटांगण घालतं. घरमालकीण खालच्या मजल्यावर एकटी राहते, साठी उलटलेली. मी कामावर गेले की तिच्याकडच्या किल्लीने वर येते. काही नेत नाही, उलट उघडी राहिलेली खिडकी लावून जाते. पण संध्याकाळी आत पाऊल टाकलं की कुणीतरी येऊन गेलंय हे मला कळतंच. आणि कपाट! त्याची उजवी बाजू कुलूपबंद. परगावी गेलेल्या मुलाचे कपडे आहेत म्हणे. मी डाव्या बाजूत अंग चोरून राहते.

काम मात्र आवडतं. श्रवणयंत्रासाठी लोकांच्या कानांचे साचे घेते. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सारखे नसतात, हे तुला माहीत होतं का? वर्षाअखेरीस करार वाढवायचा का, असं विचारतील. तोवर नाही रमले तर सरळ परत येईन. माझी खोली आहेच.

माया आहे तेवढी असू दे, काळजी थोडी कमी कर.

तुझी,
ठमी

घर,
२३ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. कॅलेंडरला मागून पुठ्ठा लाव आणि दोरीने खिडकीच्या कडीला बांध. अडला हरी झालीस म्हणून काही डोकं गहाण ठेवायचं नसतं.

आता मला काही विचारायचं आहे. नाक न मुरडता सविस्तर उत्तर दे. ती बाई वर येते त्याचा राग येतो, की न विचारता येते त्याचा? तिने रोज जेवलीस का म्हणून विचारलेलं तुला आवडेल, की ते नसती चौकशी वाटेल? पलंग आहे तिथेच ठेवावा लागतो का? पहिल्या दिवशी तिने काय केलं असतं तर तुला बरं वाटलं असतं? आणि त्या कपाटाचं नीट सांग. अर्धं कपाट मिळालं तर तेवढ्यात भागत नाही का? ती आई आहे, तिचाही जीव अडकला असेल त्या कपड्यांत.

इथे सगळं ठीक. मी ठणठणीत आहे. तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडली जाते, धूळ नाही.

आठवण काढत जा, मी काढतेच.

तुझी,
आई

भाड्याचं घर,
१२ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नव्या सुनेची परीक्षा घ्यावी तसे प्रश्न विचारलेस. माझ्या घरमालकिणीत तुला एवढा रस का, ते कळेना. तरी उत्तरं देते.

ती येते त्याचा राग नाही. दार वाजवत नाही, त्याचा आहे. जेवलीस का म्हणून रोज विचारू नये, पण कधी विचारलंच नाही तर तेही टोचतं. पलंग मी परवा तिला न विचारता ओढला. आता आपल्या घरच्यासारखी खिडकी डाव्या हाताला आली आहे, आणि सकाळी डोळे उघडताना क्षणभर मी माझ्या खोलीत असते. तेवढ्यावर दिवस बरा जातो.

कपाटाचं विचारशील तर माझं मत पक्कं आहे. खोली द्यायची तर पुरती द्यावी. नाहीतर देऊच नये. एक हात पुढे करायचा आणि दुसऱ्याने कुलूप लावायचं, ही कुठली रीत? दुसऱ्याच्या कपड्यांशेजारी झोपून कुणाला घर आपलं वाटेल? आईचा जीव अडकला असेल तर तिने ते कपडे स्वतःच्या खोलीत न्यावेत. तू तिची बाजू घेऊ नकोस.

राग तिच्यावर आहे, तुझ्यावर लोभच.

तुझी,
ठमी

घर,
३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र खाली बसून वाच. तुझ्या खोलीत एक मुलगी राहते.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात ती सामान घेऊन आली होती. पत्रात तू लिहिलंस, माझी खोली आहेच. मग सांगायचं धाडस झालं नाही. तू गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मी दिवसभर रेडिओ लावून ठेवायचे, ऐकायला नव्हे, कुणीतरी बोलतंय म्हणून. जन्मभर कानांत माणसांचे आवाज भरून घेतलेली बाई मी. भिंतीपलीकडे कुणी खोकलं तरी आता बरं वाटतं.

ही मुलगी जमीन मोजणीच्या खात्यात आहे, बदली होऊन आली. मी तिला मोजणीबाई म्हणते. आल्या दिवशी तिने पलंग सरकवू का विचारलं आणि मी नको म्हणाले. तुझ्या कपाटाला कुलूप होतं. तिचे कपडे खुर्चीवर. चादर नीट घातली आहे का बघायला मी खुशाल आत जायचे. मग तुझं ते दार वाजवण्याचं आणि कुलपाचं पत्र आलं. तू तिथल्या बाईला नावं ठेवत होतीस आणि वाचताना मला माझीच लाज वाटत होती. त्याआधी एवढे प्रश्न विचारले तेही याचसाठी. तुझी चौकशी होती, पण मोजणीबाईंचीही होती.

मी कुलूप काढलं. तुझे कपडे डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवले. आता दार वाजवूनच आत जाते. तुझ्या खोलीचं दार पहिल्यांदा वाजवलं तेव्हा रडू आलं. मोजणीबाईंनी कपडे लावले, आणि मग विचारलं, तुमच्या मुलीला माहीत आहे ना? मी ट्रंकेची कडी लावत बसले. तिने सगळे कपडे पुन्हा खुर्चीवर आणून ठेवले. तुम्ही मुलीला कळवल्याशिवाय कपाट वापरणार नाही म्हणाली. अजून ते रिकामंच आहे.

तू म्हणशील तसं करीन. रागावलीस तर कागदावर रागाव, फोनवर नको.

लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, तुटू देऊ नकोस.

तुझी,
आई

वरचा मजला,
३० ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावले होते. माझ्याच पत्रातली वाक्यं काढून माझ्याच पदरात घातलीस. वाईट फार वाटलं. इथे रोज डाव्या हाताच्या खिडकीकडे बघत उठायचे ते एका खोलीच्या भरवशावर, आणि त्या खोलीत दुसरंच कुणी उठत होतं.

मग एका रविवारी मला राहवेना. खाली गेले आणि घरमालकिणीला विचारलं, त्या कपाटात आहे तरी काय. ती वर आली, कुलूप काढलं. आत इस्त्री केलेले सदरे, एकावर एक. खिडकी लावायला नाही, ते सदरे झटकून ठेवायला ती यायची. मुलगा धडधाकट आहे, दूर नोकरी करतो. तिने फोटो दाखवला. आता इतका सुटला आहे की त्यातला एकही सदरा त्याच्या एका दंडालासुद्धा पुरायचा नाही. आम्ही दोघी हसलो, आणि मग ती डोळे पुसत बसली. सदरे खाली नेते म्हणाली. मी म्हटलं, राहू द्या, एक खण मला द्या, आणि मी घरी असताना दार वाजवून या. दुसऱ्या दिवशी ती दार वाजवून आली. हातात हातोडी आणि एक खिळा होता. कॅलेंडर आता भिंतीवर आहे.

करार वाढवणार आहे. खोली गेली म्हणून नाही. ही घरमालकीण आणखी काय काय दडवून बसली आहे, ते मला बघायचं आहे.

मोजणीबाईंना सांग, कपाट पुरतं तुमचं, पलंगही हवा तिथे सरकवा. फक्त खिडकी डाव्या हाताला ठेवली तर सकाळी बरं वाटतं, असं पहिल्या भाडेकरणीचं मत आहे. आणि सुट्टीत मी येईन तेव्हा त्यांच्या खोलीत खाली गादी टाकून झोपले तर चालेल का, तेही विचार. दार वाजवून मगच आत येईन.

लोभ होता तिथेच आहे, त्याला कुलूप नाही.

तुझी,
ठमी