खिंडीतला किल्ला

मेलकावेरी, मंगळवार, दिवेलागण

कॉम्प्युटरवरचा हा युद्धाचा खेळ मला अण्णानंच शिकवला. थोरला भाऊ, पण खेळताना बरोबरीचा. शंभरदा सांगायचा, "वत्सा, सपाट मुलखात किल्ले बांधू नकोस, शत्रू वळसा घालून जातो. खिंडीत एकच बांध. किल्ला शत्रूला मारत नाही, अडवून धरतो. तेवढ्यात मागची फौज पोचली पाहिजे."

आज त्याच खिंडीतल्या किल्ल्याला वेढा पडला. मी म्हटलं, "अण्णा, फौज आण." फौज त्यानं कालच दूर समुद्रकाठी धाडलेली. नकाशाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "खिंडीत किल्ला कोणी बांधला गे?"

विसरणं वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण हेही? आणि इतक्या लवकर?

मी फौज परत बोलावली, पण ती पोचायच्या आत किल्ला पडला. कॉफी आणते म्हणून उठले, स्वयंपाकघरात डोळे पुसले.

परतले तेव्हा त्यानं विचारलं, "राखला काय गे किल्ला?"

"राखला, अण्णा."

पूर्वीचा अण्णा माझ्या शब्दावर कधी थांबला नसता, स्वतः तपासलं असतं. आज कॉम्प्युटरकडे न बघताच म्हणाला, "शाबास."