तिसऱ्या मजल्यावरून अकराव्याला

ॲमस्टेलव्हेन,
शनिवार, १६ नोव्हेंबर २०१९

प्रिय एव्हर्ट,

साडेचार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे असतील. मार्लेनचा गुडघा दुखायचा तो आता कसा आहे? मुली केवढ्या झाल्या? आमच्याकडे पाऊस नि वारा, दोन्ही नेहमीचेच. गच्चीतली एक कुंडी काल शेजाऱ्यांच्या अंगणात उडाली, त्यांनी ती धुऊन परत आणून दिली, म्हणजे आता मला त्यांना कॉफीला बोलवावं लागणार.

ऑफिसच्या मेलवर लिहिता येत नाही, फोनवर मी नीट बोलणार नाही, आणि सोमवारी टपाल येत नाही. म्हणून हे पत्र उद्या हार्लेमला सायकलने येऊन मीच तुझ्या पेटीत टाकणार आहे. बेल वाजवणार नाही.

बातमी तुला कळलीच असेल. मी भागीदार झाले. तिसऱ्या मजल्यावरून झालेली पहिली. आपल्या कंपनीत भागीदार अकराव्या मजल्यावर पिकतात, बँकांना मोठमोठी स्वप्नं विकणाऱ्या तुमच्या विभागात. तिसऱ्यावर आम्ही त्याच बँकांना नियम समजावून सांगतो. त्याला वरचे लोक तळघर म्हणायचे, खिडकीतून कालवा दिसत असूनही. एव्हर्ट, मी खूश आहे. अगदी लाज वाटावी इतकी खूश आहे. परवा लिफ्टमध्ये एकटी असताना चक्क नाचले, आणि सातव्यावर दार उघडलं.

मी अकराव्यावरून खाली गेले तेव्हा हुद्दा एक पायरी उतरवून गेले होते, हे तुला माहीत आहे. अकराव्यावर सांगत होते, बिचारीला विश्रांतीची गरज आहे. पहिलं वर्ष मी देव्हेंटरच्या एका बचत बँकेत काढलं. रोज पावणेसातची गाडी, डब्यात चीज लावलेला पाव, आणि कर्ज विभागातल्या हेन्नी नावाच्या बाईंशेजारची खुर्ची. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे येतात, तक्ते दाखवतात नि जातात. तुम्ही जरा बसा. मी काय करते ते बघा, मग शिकवा." मी बसले. मी आयुष्यात जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या खुर्चीत शिकले. पुढे नवे नियम आले, आणि सगळ्या बँका तिसऱ्या मजल्यासमोर रांग लावून उभ्या राहिल्या. आम्ही अकरा होतो, आता चौसष्ट आहोत. आता तळघर कोणी म्हणत नाही. निदान माझ्यासमोर तरी.

पण मी इथे बढाई मारायला बसलेली नाही. म्हणजे तीही मारायची होतीच.

एकवीस मे २०१५ चा तो गुरुवार मी कोणाजवळही काढलेला नाही. डायरेक्टरची जागा एक, आणि उमेदवार आपण दोघे. फान लोन साहेब आदल्या दिवशी मला म्हणाले, "उद्या दुपार मोकळी ठेव." मला वाटलं, झालं. आपल्याकडे ज्याचा आनंद त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचा, म्हणून मी शहाणीने चव्वेचाळीस टोम्पूस सांगून ठेवले, ते क्रीम भरलेले, वर गुलाबी साखरेचा थर असलेले. अकरा वाजता साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं की जागा एव्हर्टला दिली. दुपार मोकळी ठेवायची होती ती तुझ्या अभिनंदनासाठी. साडेअकराला बेकरीवाला खोकी घेऊन दारात उभा.

सगळ्यांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, वाढदिवस.

मग आपल्याकडच्या वाढदिवसाच्या रिवाजाप्रमाणे सगळे उठले. माझं अभिनंदन, माझ्या शेजारच्याचं अभिनंदन, त्याच्याही शेजारच्याचं. आणि तू, ज्याला माझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो हे पक्कं ठाऊक होतं, तू सगळ्यांत मोठ्याने गाणं म्हटलंस. हात वर करून. जागाही घेतोस आणि वर माझी चेष्टाही करतोस, असं माझ्या डोक्यात बसलं. तीन आठवड्यांनी मी खाली गेले, नि तुझ्याशी बोलणं टाकलं. तू दोनदा जिना उतरून आलास. दोन्ही वेळा मी फोन कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं.

गेल्या गुरुवारी भागीदार म्हणून पहिल्या बैठकीला वर गेले. वेळ होता, कॉफी घ्यायला तुमच्या स्वयंपाकघरात शिरले. पक्ष्यांच्या चित्रांचं ते वाढदिवसांचं कॅलेंडर अजून तिथेच आहे. फेब्रुवारीत माझं नाव खोडलेलं. मे महिन्यात, एकवीस तारखेपुढे, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलेलं. म्हणजे कोणी तपासायला गेलं असतं तरी मी खोटी ठरले नसते. ते गाणंही त्याचसाठी होतं ना? मी तिथे कप धरून उभी राहिले आणि रडले. एव्हर्ट, मला क्षमा कर.

आता जे सांगायचं टाळते आहे ते. बैठकीतलं बाहेर बोलायचं नसतं. नऊ दिवसांची भागीदार हा नियम मोडते आहे. पत्र वाचून फाडून टाक.

त्या बैठकीत कंपनीबाहेर काढायची तीन नावं होती. तिसरं तुझं. वर जा नाहीतर बाहेर जा, हा आपल्याकडचा कायदा आपण दोघांनी कितीतरी तरुणांना हसत समजावला आहे. तुझं नाव वाचल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. हे मी लिहिलं नाही तर बाकीचं सगळं खोटं होईल, म्हणून लिहिते.

फान लोन म्हणाले, "भागीदारीसाठी दोनदा नाव आलं, दोनदा परत गेलं. आता मोकळं करू या."

मी म्हटलं, "मला द्या."

"तिसऱ्या मजल्यावर? डायरेक्टरला?"

"एक पायरी उतरून. मी उतरले होते तशी."

"तो येईल असं वाटतं तुला?"

"येईल," मी म्हटलं. तुला न विचारता, साडेचार वर्षं तुझ्याशी एक शब्द न बोलता. आवाज जरा चढलाही.

सोमवारी दहा वाजता ते तुला बोलावतील. समोर दोन कागद असतील. वरचा राजीनाम्याचा, सहा महिन्यांच्या पगारासकट, शिवाय छान शब्दांत आभार. खालचा तिसऱ्या मजल्याचा. पगार कमी, नावापुढचा हुद्दा कमी, आणि पहिले काही महिने लिफ्टमध्ये लोकांच्या नजरा. त्या बोचतात, खोटं कशाला सांगू. तू मानी आहेस. खिशातून पेन काढशील, एखादा विनोद करशील आणि वरच्या कागदावर सही करशील. मीही तेव्हा तेच करणार होते. राजीनामा लिहून पिशवीत ठेवला होता, तो आठवडाभर तिथेच राहिला एवढंच. एकदा खालचाही कागद वाच, इतकंच मागते.

हे उपकार म्हणून करते आहे असं समजू नकोस. तुझी परतफेड म्हणूनही नाही, ती मला जमणार नाही. माझ्या हाताखाली चौसष्ट माणसं आहेत, सगळी हुशार, सगळी भली. भागीदार झाल्यापासून मी जे बोलेन त्याला ती माना डोलावतात. मंगळवारी मी एका बँकेला धडधडीत चुकीचा सल्ला दिला. संध्याकाळी माझा मलाच तो सापडला. खोलीत सहाजण होते, एकानेही "अनमीक, मूर्खासारखं बोलू नकोस" म्हटलं नाही. सात वर्षं शेजारी बसून तू ते दिवसातून दोनदा म्हणायचास. मी जिंकले आहे रे, पण अशी फार दिवस टिकणार नाही.

सोमवारी दहापासून मी दार उघडं ठेवून बसेन. येशील तर भांडायच्या तयारीने ये.

तुझी,
साडेचार वर्षं चुकलेली
अनमीक