दारातल्या गृहस्थाचा बारावा भाग

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, तेवढं चालवून घ्या). गुडघा काय म्हणतो? जिने चढू नका.

आनंदाची बातमी म्हणजे, मी लिहिलेल्या भयकथांच्या कॉमिकला यंदाचं पहिलं बक्षीस मिळालं! होय, तीच 'भुताटकीची चोपडी', जिच्यापायी मी विमा कंपनीतली, तुम्ही शब्द टाकून मिळवून दिलेली खुर्ची सोडली. सुरुवातीला फजिती झाली, कबूल. कॉमिक लिहिणारा चित्रं काढत नाही. कुठल्या चौकटीत काय दिसावं ते चित्रकाराला लिहून देतो. आणि भूत नेहमी पान उलटल्यावर यावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या पहिल्या कथेत डाव्या पानावर बेल वाजली आणि समोरच्याच पानावर भूत दात विचकून उभं. वाचकांना आधी भूत दिसलं, मग बेल वाजली, आणि लोक पोट धरून हसले. मग मी सुळे वाढवले, रक्त वाढवलं, एक मुंडकं तर तीन पानं पळवलं. (चित्रकार त्याला लाडानं हाक मारायला लागला, यावरून ओळखा.) शेवटी संपादकबाई वैतागल्या, "अरे, तुला स्वतःला कशाची भीती वाटते, ते लिही ना!"

मी तिथेच बसून लिहिलं. उजव्या पानाच्या शेवटी फक्त बेल. पान उलटलं की दारात एक गृहस्थ. जाड भुवया, कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटाला छत्री. तो चष्म्यावरून बघतो आणि शांतपणे विचारतो, "मग? पुढे काय ठरवलंयस?"

चित्रकाराच्या हातातून ब्रश पडला. संपादकबाईंनी पाणी मागितलं. अकरा भाग झाले, आणि बेल वाजली की पलंगाखाली शिरतो, असं वाचक कळवतात. मामा, तुमच्या भाच्यानं मैदान मारलं! ऊर कसा भरून आलाय म्हणून सांगू.

तुमचा,
खुर्ची सोडलेला भाचा

ता. क. : गृहस्थ ओळखीचा वाटला असेल, तर रागावू नका. बाराव्या, शेवटच्या भागात त्याला उत्तर मिळतं आणि तो हसतो. चित्रकार तिथेच अडून बसलाय, कारण ते हसू मला लिहून देता येत नाही. मी ते कधी पाहिलेलंच नाही. एकदा पाहायला मिळावं, असं फार वाटतं. एक हसरा फोटो पाठवाल का?

ता. क. दुसरा : मामींना विचारून झालं. त्यांच्याकडेही तसा फोटो नाही. लग्नाचा अल्बमसुद्धा धुंडाळला. तेव्हा हे पत्र वाचताना कुठे हसू आलंच, तर ओठ तसेच राहू द्या. मामी मोबाइल घेऊन दाराआड उभ्या आहेत.