मामांनी वाढलेला चतकोर

इस्लामपूर, रविवार संध्याकाळ

आज पाहुणे जेवायला असूनही ठरवूनच अख्खा मसूर, भाकरी आणि ठेचा एवढंच केलं. भांडी मधोमध ठेवली, ज्याने त्याने वाढून घ्यायचं, आणि मीही सगळ्यांबरोबर जेवायला बसले. ह्यांच्या मित्रांना काही सांगावं लागलं नाही. पण वडूजहून आलेले ह्यांचे मामा एका भाकरीवरच थांबले. म्हणाले, "बास, प्वाट भरलं."

तेव्हा उमगलं. आग्रह केल्याशिवाय मामा दुसरी भाकरी घेणारच नाहीत. काय बाई मी! उठणार, तोवर मामाच दुरडी घेऊन उठले. "घे रं गड्या, घे," करत सगळ्यांच्या ताटात वाढत सुटले. शेवटी माझ्यापुढे वाकले.

"घे गं पोरी, चतकोर तरी. आपल्याच घरात लाजतीस व्हय?"

नको म्हणायच्या आत चतकोर ताटात पडला. मग मी दुरडी हिसकावून घेतली आणि त्यांना आग्रह केला. नको नको म्हणत मामांनी आणखी दोन भाकऱ्या हाणल्या!

पण तो चतकोर काही मनातून जात नाही. पोट भरलेलं असूनही सगळा खाल्ला. या घरात इतकी वर्षं आग्रह करणारी मीच. मला कुणी कधी केला होता?