डोक्यावरचा चिरा

मी, तुळसा विश्राम राऊळ, वय बहात्तर, राहणार कातळवाडी, तालुका वेंगुर्ला, माझ्या अकलेने, कोणी न शिकवता हे मृत्युपत्र करते. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. मी सांगते तसे बाजारातली माझी मैत्रीण रुमाना लिहून घेते आहे.

१. राहते घर व परसातील काजू मुलगी तन्वी हिला मिळावेत. घराच्या तीन बाजूंना जांभ्या दगडाची चिरेखाण आहे. चौथ्या बाजूला दीर दत्तप्रसाद याचा दगडी गडगा. त्याला त्याने फाटक बसवून कुलूप घातले. बाजाराला जायचे तरी मी त्याच्याकडे चावी मागायची. खाणीला जमीन त्यानेच दिली आणि मलाच विचारतो, "वयनी, तुमका थंय रवान काय करूचा आसा?" त्याने माझ्या तेराव्याला जेवायला यावे, शहाणपण सांगू नये.

२. नवरा वारल्यावर मी जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणे घालून शब्द दिला की ही जागा विकणार नाही. सगळी वाडी "होय म्हाराजा" म्हणाली. त्या शब्दात मी अडकले आणि माझ्यापायी तन्वी. बडोद्याच्या छापचित्रांच्या कार्यशाळेने तिला बोलावले, तर म्हणते, "आये, तुका सोडून माका खंय जावचा नाय." पोरीचा राग येतो, आणि चहा घेऊन आली की ऊर भरून येतो. रुमाना, हेही लिही. जिवंतपणी शब्द मोडायची माझी छाती नाही. पण गाऱ्हाणे माझ्या तोंडचे, ते माझ्याबरोबर संपेल. मग तन्वीने जागा विकावी, फाटकाची चावी दिराच्या हातात परत ठेवावी आणि जावे.

३. चिरे वाहताना डोक्यावर घ्यायची माझी चुंबळ चुलीत घालावी. कोणी आठवण म्हणून ठेवू नये.

४. तन्वीने जस्ताच्या पत्र्यावर रेघा कोरून, तो अ‍ॅसिडात बुडवून आमच्या खाणीचे चित्र केले. काजूची झाडे, लांब समुद्र, वाकलेले कामगार आणि मधोमध चिरा वाहणारी मी. त्याला बक्षीसही मिळाले. चित्र खरे आहे, म्हणूनच मला बघवत नाही. खाणीचे काम कधीच सुटले, तरी पत्र्यावरून नवा कागद छापला की माझ्या डोक्यावर चिरा आहेच.

तन्वी सांगते, पत्र्यावरची रेघ घासून बुजवता येते, मग ती कागदावर उमटत नाही. तर पत्रा तिचाच. झाडे, समुद्र, माणसे तशीच ठेवावीत. बडोद्याला पोचल्यावर माझ्या डोक्यावरचा तेवढा चिरा घासून काढावा, आणि मगच दुसरे काम हातात घ्यावे.

वाचून दाखवले, पटले, सही केली.

तुळसा विश्राम राऊळ

साक्षीदार:
रुमाना अतहर मुजावर, बाजारपेठ
लवू बाबाजी मेस्त्री, चिऱ्यांचा ट्रकवाला

ठिकाण: कातळवाडी
दिनांक: १२ जानेवारी २०२५