‘टेक’चे एकाहत्तर उपयोग

७ जुलै १९६८, रविवार
मराठी मंडळाचे सेक्रेटरी केशवराव आज स्वतः नगरा मोहल्ल्यात आमच्या घरी आले. झाशीतल्या आपल्या पोरांचं इंग्रजी कच्चं आहे, दर रविवारी पाच वाजता वर्ग घ्याल का, असं विचारलं. घ्याल का म्हणे! रेल्वेच्या ऑफिसात बावीस वर्षं ड्राफ्टिंग करतोय. एकदा तरी कोणी मास्तर म्हणावं, एवढीच इच्छा होती.

अख्खा कोर्स एकाच क्रियापदावर : टेक. एकाहत्तर उपयोग काढलेत. शिकवणार शुद्ध मराठीतून. पोरं घरातसुद्धा हिंदी बोलतात.

१० जुलै, सकाळी ६
अनुसूयेसमोर रंगीत तालीम. ती पोळ्या लाटत होती. अंगीकारणे, पत्करणे, हस्तगत करणे हे पोरांना कळायचं नाही, म्हणाली. बायकोला दाखवायलाच नको होतं.

१४ जुलै, रविवार
अकरा विद्यार्थी. तासभर बोललो. नीलकंठरावांच्या शारदेने विचारलं, मास्साब, अंगीकारणे मतलब? बाकीच्यांनाही तेच विचारायचं होतं. पण मास्साब म्हणाली! खंडेराव गेटपर्यंत छाती फुगवून चालत आलो.

२१ जुलै, रविवार
तात्पुरती तडजोड. अनुसूयेला सोबत नेलं. मी मराठीत सांगायचं, तिने हिंदी करायचं. मोठ्या माणसांना असिस्टंट असतातच. ‘टेक ट्रबल’वर मी दहा मिनिटं बोललो. ती म्हणाली, देखो, रुक्मिणी काकी बुखार में भी तुम्हारे लिए पूरनपोळी बनाएँ, तो शी टेक्स ट्रबल. सगळे हसले, सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. तिच्या सांगण्यात खोली नाही.

२८ जुलै, रविवार
मी बोलतो तेव्हा पोरं तिच्याकडे बघतात. आज माझं वाक्य संपायच्या आत तिने हिंदी केलं. एकदा तर वाक्य सुरू व्हायच्या आत.

निश्चय : पुढच्या रविवारपासून मी मान हलवल्याशिवाय तिने बोलायचं नाही. तिने हो म्हटलं. हो म्हणण्यात ती पटाईत आहे.

४ ऑगस्ट, रविवार
मान हलवलीच नाही. तरी ती बोलली. पोरं तिला बहनजी म्हणतात. शारदेने मला फळ्यासमोरून जरा बाजूला व्हायला सांगितलं, अगदी नम्रपणे. मी तडक बाहेर पडलो. वाटलं, कोणीतरी मागे येईल. लक्ष्मी गेटपर्यंत मुद्दाम सावकाश चाललो.

७ ऑगस्ट, बुधवार
राजीनामा लिहिला. चार पानं, इंग्रजीत. असा ड्राफ्ट आमच्या साहेबांनाही जमणार नाही. राजीनामा द्यायचा असतो तो परत घेण्यासाठी, हे ऑफिसात कितीदा पाहिलंय. कमिटी हातापाया पडेल. तिसऱ्या विनंतीला विरघळेन. अट एकच : अनुसूया घरी.

११ ऑगस्ट, रविवार, दुपारी ४
केशवराव आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो.

माझं इंग्रजी कमिटीत कोणालाच नीट लागलं नाही, म्हणून वहिनींना वाचायला बोलावलं, असं त्यांनी सांगितलं. वहिनींनी चार पानांचं एका ओळीत हिंदी केलं : इनकी तबियत ठीक नहीं, आराम चाहते हैं. कमिटीने राजीनामा एकमताने मंजूर केला. आभाराचा ठरावही केला. आजपासून वर्ग वहिनी घेणार. तेवढी एकाहत्तर उपयोगांची वही हवी होती.

माझी वही! माझ्याच घरात, माझ्याच बायकोने माझा केसाने गळा कापला. ती आतून पदर सारखा करत बाहेर आली. मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी बाई जागच्या जागी रडली असती. तिने विचारलं, वही ट्रंकेत आहे की कपाटात?

कपाटात, म्हणालो.

पावणेपाच
दोघं गेली. जाताना अनुसूयेने बजावलं की उन्हात फिरू नका, पडून राहा. कमिटीचे लोक तब्येत विचारायला येतील, तेव्हा बरं दिसणार नाही.

चादर घेऊन पडलोय.