पुरुषमाणसाला पाठवा

७ फेब्रुवारी १९५६

"घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा" — मुंबईचे मोठे डॉक्टर. मी म्हटलं, आमच्या घरात पुरुषमाणूस एकच, आणि तो तुमच्या टेबलावर उताणा पडलाय. हसले. मग अण्णाच्या मुलाला, श्रीपादला, कचेरीतून बोलावून घेतलं. वीस मिनिटं बंद दाराआड. बाहेर बाकावर मी, शेजारी सदऱ्याची बटणं लावत अण्णा. अडुसष्ट वर्षांचा माझा थोरला भाऊ, पण त्याचा आजार त्यालाही सांगायचा नाही, मलाही नाही. तीस वर्षं मुलींना शरीरशास्त्र शिकवलं, हेडमिस्ट्रेस होऊन निवृत्त झाले — ते ह्या बाकावर बसायला.

श्रीपाद बाहेर आला. "काही नाही आत्या. लघवीच्या जागी थोडी सूज आहे. टॉनिकच्या गोळ्या दिल्यात." डोळे लाल.

अंबरनाथच्या आमच्या डॉक्टरांना द्यायला एक बंद पाकीट मिळालंय. ते अण्णाच्या कोटाच्या खिशात. आज मुक्काम श्रीपादकडे, दादरला.

८ फेब्रुवारी

दुपारी घरी पोचलो. अण्णा आडवा झाला तशी मी पाकीट काढलं आणि चहाच्या किटलीवर धरलं. कॉन्व्हेंटमध्ये शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं एक प्रकरण सिस्टर मंडळी चिकटवून टाकत. ते वाफेवर सोडवायला आम्ही मुली तिथेच शिकलो. शिक्षण फुकट जात नाही ते असं.

पाकीट चक्क भाताच्या शितांनी चिकटवलेलं, कडेला नखानं दाबल्याच्या चार खुणा. एवढं मोठं हॉस्पिटल, पण डिंकाची बाटली नाही.

प्रोस्टेटचा कॅन्सर. मणक्यापर्यंत गेलेला. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. गोळ्यांनी दुखणं कमी होईल. वर्षभर, फार तर दोन. गोळ्या म्हणजे बायकांच्या शरीरातला रस, कारखान्यात केलेला. आणि शेवटची ओळ — रोग्याला कळू देऊ नये. बहिणीलाही नाही, बाई चटकन बिथरणाऱ्या दिसतात.

बिथरणाऱ्या!

पाकीट डिंकानं बंद केलं. दोनदा चिकटवावं लागलं, एवढंच.

१२ फेब्रुवारी

श्रीपाद आला. अण्णा फिरायला गेलेला बघून त्याला सगळं वाचल्याचं सांगितलं. आधी रागावला, मग रडला. "आत्या, त्यांना कळलं तर ते आठ दिवसांत खचतील. माझ्या गळ्याची शपथ घे." घेतली. ज्याचं मरण त्यालाच आमंत्रण नाही.

४ मार्च

बंबाचा नळ गळतो. अण्णानं पक्कड माझ्या हातात दिली. "वॉशर तू बदल, कुंदे. मी नुसता सांगतो." चार वेळा काढायला लावला, चार वेळा बसवायला. अण्णा कारखान्यात फोरमन होता, पण मी काही त्याची शिकाऊ उमेदवार नव्हे. परवा फ्यूजची तार घालायला शिकवलं. एकसष्टाव्या वर्षी ही हौस कोणाला? म्हणे, बाईमाणसाला आलं पाहिजे.

१९ मार्च

गोळ्या लागू पडल्या. कंबर दुखत नाही, जेवण वाढलं, गाल वर आले. छातीही! सदरा घासला तरी हुळहुळतं म्हणाला. "तुम्हा बायकांना असं होतं का गं?" मी म्हटलं, टॉनिक अंगी लागलंय.

सिंधहून आलेले जयदेव मास्तर निर्वासितांच्या कॅम्पातून रोज येतात आणि अण्णाबरोबर शिवमंदिरापर्यंत फिरतात. आज दारातूनच म्हणाले, "अदी, आपके भाई तो जवान हो रहे हैं. क्या खिलाती हो? हमको भी बताओ." मला अदी म्हणतात, म्हणजे ताई. कारल्याचा रस म्हणून सांगितलं. उद्यापासून बिचारे कारलं पिणार.

१५ एप्रिल

आज कमालच झाली. बदलापूरच्या वाचनालयात अण्णाचं व्याख्यान — 'साठीनंतरची प्रकृती'. का, तर ह्या वयात असा तुकतुकीत माणूस आसपास नाही! पाऊण तास बोलला. चालणं, कमी जेवणं, दुपारी न झोपणं. (दुपारी दोन तास झोपतो.) टाळ्या. पहिल्या रांगेतल्या विष्णुपंतांनी विचारलं, "पण खरं गुपित काय, ते सांगा की."

"मी डॉक्टरांचं सगळं ऐकतो," अण्णा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

मला हसता आलं नाही. एका माणसाला त्याच्याच मरणाबद्दल आम्ही इतकं गाढव बनवावं? त्याला कोणाला भेटायचं असेल, काही सांगायचं राहिलं असेल.

२२ एप्रिल

आज वाकताना पुन्हा कंबरेत कळ आली. "काही नाही, अवघडलोय" म्हणाला. ठरलं. शपथ गेली खड्ड्यात. उद्या जेवण झाल्यावर अण्णाला समोर बसवून सगळं सांगायचं. बिथरायचं नाही.

२३ एप्रिल

जेवता जेवता अण्णाला आठवलं, श्रीपादला पत्र टाकायचंय. डाव्या हातानं भातातली दोन शितं घेतली, पाकिटाच्या कडेला लावली आणि अंगठ्याच्या नखानं दाबली. चार वेळा.

आठ फेब्रुवारीचं पान काढून पाहिलं. म्हणजे दादरलाच वाचलं त्यानं. माझ्याआधी. शेवटच्या ओळीसकट.

संध्याकाळी म्हणाला, "कुंदे, इस्त्रीची वायर ढिली झालीय. बस, दाखवतो."

बसले.